वेतनमर्यादेची कात्री मधल्या पगाराच्या खेळाडूवरच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतीय फुटबॉलच्या आर्थिक पडझडीविषयी आपल्या क्रीडापानावर सातत्याने बातम्या येत आहेत. त्या वाचताना आणि इथे नेरुळ-सीवूड्सच्या मैदानांवर मुलांच्या पालकांशी बोलताना एक मत वारंवार कानावर पडते. खेळाडूंचे पगार फार वाढले होते, आता संघांच्या एकूण वेतनावरची मर्यादा खाली आणावी, म्हणजे सगळ्यांचेच पगार थोडेथोडे कमी होतील आणि खेळ जगेल, असे ते मत आहे. यातला पहिला भाग मी नाकारत नाही. मात्र 'सगळ्यांचेच थोडेथोडे' हा जो भाग आहे, तो अशी मर्यादा घटलेल्या ज्या-ज्या ठिकाणचा हिशोब मी पाहिला, त्यांपैकी कुठेही खरा ठरलेला नाही, आणि एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी ओळख सांगायची तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या आस्थापना विभागात मी एकतीस वर्षे नोकरी केली. पगारपत्रके, भत्ते, भविष्य निर्वाह निधी आणि शेवटच्या काही वर्षांत स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या, हे माझे काम. निवृत्तीनंतर सकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यामुळे पगाराचा कागद आणि मैदान या दोन्हींशी माझा संबंध आहे, आणि त्या याद्या करताना जे पाहिले तेच मला खेळाच्या हिशोबात पुन्हा दिसते.

उदाहरण अमेरिकेचे घेतो, कारण तिथला हिशोब उघड असतो. तिथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ, आपला फुटबॉल नव्हे. पण त्यांच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९९४ पासून कडक वेतनमर्यादा आहे, आणि कोणत्या खेळाडूला किती डॉलर मिळणार, त्यातले हमीचे किती आणि बिनहमीचे किती, हे सगळे वर्तमानपत्रांत छापून येते. लीगच्या उत्पन्नातला सुमारे ४८ टक्के हिस्सा करारानुसार खेळाडूंचा धरला जातो, त्यातून सामायिक लाभांचा खर्च वजा करून उरलेली रक्कम ३२ संघांत विभागली की प्रत्येक संघाची मर्यादा निघते. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२० साली १९ कोटी ८२ लाख डॉलर झाली होती. करोनाच्या हंगामात बहुतेक सामने रिकाम्या किंवा तुरळक भरलेल्या स्टेडियममध्ये झाले, तिकिटांचे उत्पन्न बुडाले, आणि २०२१ साठी ही मर्यादा १८ कोटी २५ लाख डॉलरवर आली. ती याहूनही खाली गेली असती, परंतु खेळाडूंच्या संघटनेने आदल्या वर्षीच्या जुलैमध्येच वाटाघाटी करून ती साडेसतरा कोटींच्या खाली जाणार नाही असे ठरवून घेतले होते आणि तोट्याचा भार पुढच्या काही हंगामांवर पसरवून घेतला होता. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

म्हणजे घट साधारण आठ टक्क्यांची. पगारपत्रकाच्या साध्या हिशोबाने ५३ जणांच्या संघात प्रत्येकाच्या पगारातून आठ टक्के कापले असते तर प्रश्न सुटला असता. तसे झाले नाही, आणि होऊ शकलेही नसते, कारण २०२१ चे पगार त्याआधी दोन-तीन वर्षे झालेल्या करारांत लिहिलेले होते आणि ते करार करताना मर्यादा दरवर्षी वाढतच जाईल असे सर्वांनी गृहीत धरले होते. न्यू ऑर्लीन्सच्या संघाचा लिहून ठेवलेला खर्च तर नव्या मर्यादेच्या सुमारे दहा कोटी डॉलर वर होता. त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू ड्रू ब्रीज निवृत्त होण्यापूर्वी आपला पगार अनुभवी खेळाडूच्या किमान दरावर, म्हणजे १० लाख ७५ हजार डॉलरवर आणून गेला, तो केवळ संघाच्या हिशोबात जागा व्हावी म्हणून. ही गोष्ट त्याच्या मोठेपणाची आहे आणि ती तशी सांगितलीही गेली. त्याच महिन्यात त्याच संघाने थॉमस मोर्स्टेड या आपल्या पंटरला बारा हंगामांनंतर करारातून मोकळे केले. पंटर म्हणजे चेंडू लांबवर लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलणारा खेळाडू, ज्याच्या नावाचे फलक कुणी लावत नाही. सुपर बोल म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना; संघाच्या एकमेव सुपर बोल विजयात त्याच्या किकचा वाटा होता. आणि त्याच मार्च महिन्यात डॅलसच्या संघाने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, डॅक प्रेस्कॉट याच्याशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला, ज्यातले १२ कोटी ६० लाख हमीचे होते. मर्यादा घटली त्याच वर्षी, त्याच महिन्यात. प्रेस्कॉटविषयी माझी तक्रार नाही; तो पैसा त्याने मिळवला. मला दाखवायचे आहे ते एवढेच की आठ टक्क्यांची घट पगाराच्या शिडीवर सगळीकडे सारखी उतरत नाही.

ती सारखी का उतरत नाही याचे कारण हिशोबाच्या पद्धतीत आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. आकडे सोपे व्हावेत म्हणून रुपयांत सांगतो. एका खेळाडूचा यंदाचा पगार १ कोटी २० लाख आहे असे धरा. संघ त्याला म्हणतो, यातले १० लाख पगार म्हणून घे आणि उरलेले १ कोटी १० लाख करारावर सही केल्याचा बोनस म्हणून आजच रोख घे. नियमाप्रमाणे असा बोनस हिशोबात पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवता येतो, म्हणजे दरवर्षी २२ लाख. यंदा संघाच्या मर्यादेत १ कोटी २० लाखांऐवजी फक्त ३२ लाख मोजले जातात आणि ८८ लाखांची जागा मोकळी होते. खेळाडूचा एक रुपयाही कमी होत नाही, उलट त्याला सगळी रक्कम आधी मिळते. पण त्या खेळाडूला पुढच्या वर्षी काढायचे ठरवले, तर हे उरलेले ८८ लाख एकदम संघाच्या खात्यावर येऊन बसतात. त्याला तिथे 'डेड मनी' म्हणतात, म्हणजे संघात नसलेल्या माणसाच्या नावावर अडकलेला पैसा. साहजिकच कोणताही व्यवस्थापक हा मार्ग अशाच खेळाडूसाठी वापरतो, जो आणखी चार-पाच वर्षे संघात राहणार याची त्याला खात्री आहे. म्हणजे तारांकित खेळाडूसाठी. टॅम्पा बेच्या संघाने २०२१ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकल्यावर टॉम ब्रेडीचा करार लांबवून आणि त्यात फक्त हिशोबापुरती पुढची वर्षे जोडून सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरची जागा काढली आणि आपले बावीसही मुख्य खेळाडू राखले, ते याच वाटेने.

एकतीस वर्षांच्या, दुखापतीतून उठलेल्या, तरी बहुतेक सामने इमानाने खेळणाऱ्या माणसाला ही वाट उपलब्ध नसते. त्याच्या कराराची हमी बहुधा संपलेली असते, आणि त्या लीगमध्ये हमी नसलेला करार संघाला हवा तेव्हा मोडता येतो. त्याला काढले की अख्खा पगार वाचतो. त्याच्या जागी येणारा नवखा २०२१ साली ६ लाख ६० हजार डॉलर या किमान दराने मिळत होता, आणि निवड प्रक्रियेतून आलेल्या नवख्यांचे पगार तर २०११ च्या करारापासून ठरावीक श्रेणीतच बांधलेले आहेत. वरचा जपला गेला, खालचा आधीच स्वस्त होता. मर्यादा घटली की कात्री फिरवायला जागा उरते ती मधेच, आणि मधला खेळाडू म्हणजे ज्याच्यामुळे संघ हा संघ असतो असा माणूस.

आमच्या कारखान्यातही नेमके हेच झाले होते. मनुष्यबळाच्या खर्चात दहा टक्के कपात करा असा आदेश वरून आला, आणि जी यादी तयार झाली तिच्यात वरचे अधिकारी नव्हते, कंत्राटी मुलेही नव्हती. तिच्यात पंचेचाळीस ते बावन्न वयाचे फिटर, ऑपरेटर आणि लॅब असिस्टंट होते, ज्यांचा पगार वीस वर्षांच्या वेतनवाढींनी इतका वाढला होता की एक नाव खोडले की तीन कंत्राटी मुलांची सोय होत होती. ती यादी मी माझ्या हाताने टंकलिखित केली. त्यांच्यातल्या काहींची मुले आज माझ्याकडे खेळायला येणाऱ्या मुलांचे वडील आहेत.

याच्या उलट उदाहरणही आमच्या जवळच आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत काम करणारे माथाडी कामगार टोळीने काम करतात. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर त्यांची मजुरी मंडळामार्फत मिळते आणि टोळीची कमाई टोळीतल्या माणसांत वाटली जाते. ज्या हंगामात कांद्या-बटाट्याची आवक घटते, त्या हंगामात टोळीतल्या सगळ्यांच्याच घरात थोडा कमी पैसा येतो. 'सगळ्यांचेच थोडेथोडे' याचा अर्थ मला विचाराल तर मी या टोळीकडे बोट दाखवीन. पण ते आपोआप होत नाही. त्यासाठी कायदा लागला, मंडळ लागले आणि अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसाचे आयुष्य खर्ची पडले. कमाईची वाटणी कशी व्हावी हे तिथे आधी ठरलेले आहे, म्हणून घट आली तरी तीही तशीच वाटली जाते.

अमेरिकेच्या त्या वर्षाविषयी आणखी एक गोष्ट मला फार लागली. घटलेली मर्यादा जाहीर झाली १० मार्च २०२१ रोजी. त्यानंतर आठच दिवसांनी लीगने दूरचित्रवाणी कंपन्यांशी अकरा वर्षांचे, सुमारे ११ हजार कोटी डॉलरचे करार जाहीर केले. पुढच्या वर्षी मर्यादा २० कोटी ८२ लाखांवर गेली आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाखांवर. घट एका वर्षाची होती. हे ज्यांना परवडत होते त्या खेळाडूंनी एक वर्षाचा करार करून वेळ काढला आणि पुढच्या वर्षी बाजारात पुन्हा किंमत लावली. ज्याचे वय तिशीच्या पुढे होते त्याला पुढचे वर्ष आलेच नाही. खेळाडू संघटनेच्या हिशोबाने तिथल्या खेळाडूची सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नसते. अशा कारकिर्दीत बुडालेले एक वर्ष म्हणजे आपल्याकडच्या नोकरीतली आठ-दहा वर्षे बुडण्यासारखे आहे.

आता आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे वळतो. स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक संघाची मर्यादा वेगळी असते, कारण ती त्या संघाच्या स्वतःच्या उत्पन्नातून कर्जाची परतफेड आणि इतर खर्च वजा करून काढली जाते. बार्सिलोनाची मर्यादा २०१९-२० च्या हंगामात सुमारे ६७ कोटी युरो होती, ती २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत दहा कोटींच्याही आत आली. मेस्सी पगार निम्मा करायला तयार होता, तरी त्याची नोंदणी होऊ शकली नाही. त्याच्यासह संघाचा वेतनखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के आणि त्याच्याशिवायही ९५ टक्के होतो, असे अध्यक्ष लापोर्ता यांनी तेव्हा सांगितले होते. ८ ऑगस्ट २०२१ ची ती रडवेली पत्रकार परिषद आमच्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाने पाहिली आहे. संघाच्या कर्णधारांपैकी एक असलेल्या पिके यांनी पगार कमी करून घेतला तेव्हा कुठे डिपाय आणि गार्सिया या नव्या खेळाडूंची नोंदणी झाली, हेही त्यांना ठाऊक आहे. पण एमर्सन रॉयलची गोष्ट मी विचारली तेव्हा एकालाही माहीत नव्हती. बेटिस संघातून त्या उन्हाळ्यात बार्सिलोनात आलेला हा उजव्या बाजूचा बचावपटू, आयुष्यभराचे स्वप्न पूर्ण झाले म्हणून आनंदात असलेला, ३१ ऑगस्टला बाजार बंद होण्याच्या दिवशी टॉटनहॅमला विकला गेला. अमेरिकेसारखा करार मोडता येत नसल्यामुळे युरोपात खेळाडूला काढता येत नाही. तिथे त्याला विकले जाते किंवा 'तुझी नोंदणी होणार नाही' असे सांगून तो स्वतःहून जाईल इतका दबाव आणला जातो. त्याच आठवड्यात सतरा वर्षांच्या गावीने पदार्पण केले. पोराचे कौतुक आहेच, पण अकादमीतला मुलगा स्वस्त असतो हेही खरे आहे. हत्यार वेगळे असले तरी घाव त्याच जागी बसतो.

चीनमध्ये हे सगळ्यांत बेतालपणे झाले. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या संघटनेने परदेशी खेळाडूंना ३० लाख युरो आणि देशी खेळाडूंना ५० लाख युआन अशी करपूर्व कमाल मर्यादा घातली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत गतविजेता जिआंग्सू संघच मालकांनी बंद केला. एवढ्यावरून मर्यादेमुळेच तो बुडाला असे मी म्हणणार नाही. मालक कंपनी आधीच अडचणीत होती.

इंग्लंडचा इतिहास मात्र मला फार शिकवून गेला. तिथे १९०१ सालीच आठवड्याला ४ पौंड ही कमाल मर्यादा आली होती. पहिल्या महायुद्धानंतर ती ९ पौंडांपर्यंत वाढली आणि १९२२ साली पुन्हा ८ पौंडांवर आणली गेली. त्यानंतर ती मर्यादा काढून टाकायला १९६१ चा जानेवारी उजाडला, तेव्हा ती २० पौंड होती, आणि ती निघाली तीही जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी दाखवल्यावर. आता अलीकडचे पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या क्लबांनी आपापसांत मतदान करून अनुक्रमे २५ लाख आणि १५ लाख पौंडांची मर्यादा लावून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने ती रद्द ठरवली, कारण खेळाडूंच्या संघटनेशी ठरलेल्या मार्गाने विचारविनिमयच केला गेला नव्हता. मर्यादा योग्य की अयोग्य या वादात लवाद पडला नाही. ज्यांच्या पगाराचा निर्णय होता त्यांना विचारले नाही, एवढ्यावरच निकाल लागला.

हे सगळे नवी मुंबईच्या वाचकापुढे मांडायचे कारण आपला स्वतःचा फुटबॉल. आमच्या घराच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. २०१४ आणि २०१५ साली मुंबई सिटीचे घरचे सामने तिथे होत असत. सव्वा कोटीच्या आसपास बोली लागून आलेल्या सुनील छेत्रीने ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथेच नॉर्थईस्टविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा इंडियन सुपर लीगमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. २०१७ मध्ये मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने इथे झाले, २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचा आणि मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. या आठ वर्षांत घणसोली, ऐरोली, कळवा, दिवा इथल्या कितीतरी आईबापांनी, फुटबॉल ही पोटापाण्याची वाट होऊ शकते असे पहिल्यांदा मानले.

त्यापूर्वी वाट वेगळी होती. मुंबई-ठाण्याचा खेळाडू रेल्वे, बँक, विमान कंपनी किंवा तेल कंपनीच्या संघात नोकरीला लागायचा, सकाळी सराव आणि दुपारनंतर टेबलावर काम, आणि खेळ संपल्यावर पगार व निवृत्तिवेतन चालू. २००५-०६ चे राष्ट्रीय विजेते महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाले, वर्षभरात पंजाबचा जेसीटी संघ बंद झाला, आणि नोकरीच्या जागी करार आला. करारात पैसा जास्त होता, हे मी नाकारत नाही. पण त्या कराराखाली काहीच नव्हते. सुपर लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. गेल्या काही हंगामांत ती साडेसोळा ते अठरा कोटी रुपयांच्या आसपास राहिली. म्हणजे वरचे छत ठरलेले आहे. परदेशी खेळाडू आणि दोन-चार नामांकित भारतीय यांचे पैसे त्यातून गेले की उरलेल्या वीस जणांनी उरलेले वाटून घ्यायचे, अशी ती रचना.

त्यात २०२५ चे वर्ष आले. भारतीय फुटबॉल महासंघ आणि सुपर लीगची आयोजक कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा, वर्षाला ५० कोटींचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि नव्याचे काही ठरत नव्हते, म्हणून जुलैमध्ये हंगामच स्थगित झाला. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. ऑक्टोबरमध्ये निविदा निघाली, ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. वर्षअखेर मुंबई सिटीचा मोठा भागधारक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्या संघातून अंग काढून घेतले. छेत्री, झिंगन आणि गुरप्रीत यांच्यासारख्या राष्ट्रीय खेळाडूंना फिफाला जाहीर साकडे घालावे लागले. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ संघांचा, ९१ सामन्यांचा एकेरी फेरीचा हंगाम ठरला. आदल्या हंगामात साखळी फेरीत प्रत्येक संघाला २४ सामने मिळाले होते, आता १३. इथे कुणी नियमाने मर्यादा घटवली नाही, पण परिणाम तोच. उत्पन्न आटले, आणि पगार कमी करून घ्या असे खेळाडूंना एकेकटे गाठून सांगितले जाऊ लागले.

एकेकटे गाठून म्हणजे कसे, ते मी जवळून पाहिले. माझ्याकडे दहाव्या वर्षापासून खेळलेला कळव्याचा एक मुलगा, त्याचे नाव इथे देत नाही, राज्याबाहेरच्या एका क्लबात डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून सहा हंगाम खेळला. वडील बस डेपोत मेकॅनिक. सत्ताविसाव्या वर्षी त्याने दिव्यात वन बीएचके घेतले, हप्ता एकवीस हजार. क्लबच्या व्यवस्थापकाचा त्याला फोन आला की उरलेल्या कराराचे मानधन निम्म्याने कमी करणाऱ्या कागदावर दोन दिवसांत सही कर, नाहीतर दुसऱ्याचा विचार करावा लागेल. त्याने मला विचारले, मी ओळखीच्या वकिलाला विचारले. करार चालू असताना असे एकतर्फी करता येत नाही, हे उत्तर मिळाले. पण दाद मागायची म्हणजे महिनोन्‌महिने जाणार, आणि 'भांडखोर' असा शिक्का एकदा बसला की पुढचा एजंटही फोन उचलत नाही. त्याने सही केली. हंगाम संपल्यावर त्याला सोडलेच, आणि त्याच्या जागी त्याच्या एक तृतीयांश पैशात एकोणीस वर्षांचा मुलगा घेतला. त्या संघाच्या परदेशी आघाडीपटूच्या मानधनाला हात लागला नव्हता, कारण त्याच्या करारात परदेशी एजंटाने प्रत्येक ओळ बांधून घेतली होती. आज हा मुलगा घोडबंदर रोडवरच्या एका टर्फवर संध्याकाळी मुलांना शिकवतो आणि सकाळी स्वतः पळतो.

म्हणून माझी मागणी मर्यादा नको अशी नाही. मर्यादा नसेल तर एक-दोन धनाढ्य मालक भाव चढवतील, बाकीचे त्यांच्या मागे धावून कर्जात बुडतील आणि महिंद्रा, जेसीटी यांची गत आणखी दहा संघांची होईल. हे आपण पाहिलेले आहे. माझे म्हणणे असे की नव्या रचनेत छताचा आकडा लिहिला जाईल त्याच पानावर तळाचाही आकडा लिहिला जावा. वयानुसार आणि खेळलेल्या हंगामांनुसार किमान मानधन ठरवावे, आणि अनुभवी खेळाडूचे किमान मानधन नवख्यापेक्षा जास्त असल्यामुळे त्यालाच कुणी घेईनासे होऊ नये म्हणून त्यातला वरचा भाग संघाच्या मर्यादेत मोजू नये. अशी तरतूद त्या अमेरिकी लीगमध्ये आहे आणि ती आपल्याला उचलता येण्यासारखी आहे. चालू करार असताना मर्यादा घटली, तर जुन्या करारांना जुनाच हिशोब लावावा आणि घट दोन किंवा तीन हंगामांत पसरवावी. कपात करायचीच असेल तर ती टक्केवारीने सगळ्यांची, परदेशी खेळाडू आणि वरिष्ठ व्यवस्थापनासह. आणि एका विशिष्ट रकमेखालच्या मानधनाला तिने हात लावू नये. प्रत्येक क्लबकडून दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम हंगामापूर्वीच अनामत म्हणून घ्यावी. आमच्या कारखान्यात ठेकेदाराकडून अशी अनामत घेतल्याशिवाय गेटवर त्याचा माणूस सोडत नसत, मग कोट्यवधींच्या उलाढालीच्या खेळात ती का घेऊ नये, हे मला समजत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, खेळाडूंच्या संघटनेला या टेबलावर मताचा अधिकार असलेली खुर्ची मिळावी. अमेरिकेच्या खेळाडूंनी साडेसतरा कोटींची रेघ करोनाच्या ऐन मध्यात ओढून घेतली ती संघटनेच्या जोरावर, इंग्लंडच्या छोट्या क्लबांतल्या खेळाडूंना लवादाकडून न्याय मिळाला तोही संघटनेमुळे. आपल्याकडेही खेळाडूंची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या सहीशिवाय वेतनाविषयीचा कोणताही नियम लागू होणार नाही, एवढे एक वाक्य नव्या करारात आले तर दुसऱ्या दिवशी फोनवरून निम्मा पगार मागण्याची हिंमत कुणाची होणार नाही. आमच्या पट्ट्यातले कामगार नेते आणि माथाडी मंडळाचा अनुभव असलेली मंडळी इथेच राहतात. राज्याच्या फुटबॉल संघटनेने त्यांचा सल्ला घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्या देशातल्या फुटबॉलपटूंचे करार साधारणपणे ३१ मे रोजी संपतात. त्या तारखेनंतर जूनमध्ये क्लब आपापल्या याद्या करायला बसतात, आणि याद्या एकदा झाल्या की किमान मानधनाची चर्चा पुढच्या वर्षावर जाते. पुढच्या हंगामाचे नियम ठरवणाऱ्यांनी हे आकडे मे महिना उजाडण्यापूर्वी जाहीर करावेत आणि आपल्या वृत्तपत्राने त्यासाठी त्यांच्याकडे पाठपुरावा करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक व हौशी फुटबॉल प्रशिक्षक,
नेरुळ, नवी मुंबई